दारातली चांदणी

"सर, झेंड्यावरची चांदणी चंद्राच्या आत येतेय की बाहेर जातेय?"

पैज शेजारी बसणाऱ्या मेल्तेमची, तोंड इपेकचं. अख्खा वर्ग हसून बाकाखाली गेला. नेजदेत सर मात्र हसले नाहीत. त्यांनी तुर्कस्तानच्या झेंड्याच्या मापांचा कागदच तिच्या हातात ठेवला. "चंद्राची दोन टोकं रेघेने जोड आणि मोज. सुट्टीनंतर फळ्यापाशी येऊन उत्तर तूच द्यायचं."

पूर्वीची इपेक रडली असती. आताच्या इपेकने घरी येऊन पेटीतला मोठा झेंडा ओढून काढला.

तो झेंडा दरवर्षी नेवराताई लावायची. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी, बाल्कनीतून अर्धी बाहेर लोंबकळत, आईला किंचाळायला लावत. यंदा ताई मालवाहू जहाजावर नोकरीला होती. "गेलीस तर माझ्याशी बोलू नकोस," असं बाबा म्हणाले होते आणि ताई गेली होती. आता दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला की बाबा "शर्ट बदलून येतो" म्हणत उठायचे. फोन बंद होईपर्यंत तो शर्ट काही बदलून व्हायचा नाही. बाबांचे सातही शर्ट पांढरे, त्यामुळे बदलला की नाही हे अल्लालाच ठाऊक!

घडी उलगडली तर झेंड्याला ताईच्या लिंबाच्या कोलोनचा वास. इपेकने त्यात नाक खुपसलं, डोळे मिटले, आणि दुसऱ्या हातातला चहाचा पेला झेंड्यावर उपडा झाला.

डागाळलेला झेंडा लावायचा? समुद्राकाठच्या तिरेबोलू गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तिने तो धुलाई यंत्रात टाकला. अर्ध्या भरलेल्या यंत्रासाठी पाणी वाया घालवू नये, हे आईचं वाक्य नेमकं तेव्हाच आठवलं. मग बाबांचे सातही शर्ट आत गेले.

तासाभराने चंद्र गुलाबी, चांदणी गुलाबी, सात शर्ट गुलाबी.

इपेकने गुलाबी चंद्र-चांदणी उसवून काढली, उशीचा पांढरा अभ्रा कापला आणि त्यातून नवा चंद्र, नवी चांदणी काढली. चंद्र शिवून झाला. चांदणी लावताना मात्र तिची नजर समुद्राकडे गेली. वारा सुटला होता, लाटा धक्क्यावर आपटत होत्या. तिने कागद बाजूला सारला आणि चांदणी चंद्राच्या पार कुशीत शिवून टाकली.

सकाळी बाबांनी झेंडा बाल्कनीत लावला, तशा समोरच्या बाल्कनीतून सानियेमावशी ओरडल्या, "रुस्तेमभाऊ, कुठल्या देशात गेलात हो? आणि शर्टसुद्धा तिकडचाच का?"

गुलाबी शर्टातले बाबा झेंडा काढून घरात आले. "चांदणी आत कशाला कोंबलीस?"

"बाहेर गारठेल म्हणून," इपेक पुटपुटली.

बाबा कात्री, पट्टी आणि मापांचा कागद घेऊन जमिनीवर बसले आणि टाके उसवू लागले. मग दोन टोकांमध्ये खडूने रेघ ओढली. "हे बघ. एवढंच एक टोक रेघेच्या आत. नखाएवढं. बाकी सगळी बाहेर."

"म्हणजे दारातच उभी आहे. बाबा, जातेय की येतेय?"

बाबांनी चांदणी जागेवर ठेवली आणि सुई उचलली. सुईत दोरा काही जाईना.

"येतेय," ते हळूच म्हणाले.

"आत घेणारा शर्ट बदलत बसलाय, म्हणून खोळंबलीय बिचारी," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

इपेकने फोन उचलला.

"आई, बाबा, ऐका! मी ठरवलंय. आत्ताच ताईला फोन लावतेय आणि आधी बाबाच बोलणार. शर्ट बदलायला जायचं नाही हं बाबा, सगळे गुलाबीच आहेत."