जावईबापूंची बाटली

घरातलं पिकलेलं केळं फेकायचं नाही, असं मी एके दिवशी ठरवलं, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

माझे सासरे तोताराम नाना सावद्याचे केळी-बागायतदार. आम्ही धुळ्याला. सावद्याहून धुळ्याकडे कोणाचीही गाडी निघाली की नाना तिच्यात आमच्यासाठी केळी ठेवून देतात. घरात आम्ही नवरा-बायको दोघंच, आणि केळी लग्नघराला पुरतील एवढी. आधी आम्ही खातो, मग वाटतो, मग शेजारी आम्हाला येताना पाहून दार लावून घेतात. उरलेली टोपलीत काळी पडतात. ती फेकायला निघालो की बायकोचा, दिपमालाचा, चेहरा असा होतो की जणू मी नानांनाच कचरागाडीत टाकतोय.

नाना माळकरी. दारूचं नाव निघालं तरी चूळ भरून येणारा माणूस. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, पाठोपाठ जावईही येतात. यंदा त्या दिवशी 'निर्व्यसनी जावई सत्कार' करायचा, असं नानांनी भजनी मंडळाकडून मंजूर करून घेतलं होतं. पहिला मान माझा. शाल, श्रीफळ आणि माइकवरून नाव. मला आजवर कोणी शाल दिलेली नाही. (ऑफिसात एकदा प्रेमराज नावाने हार आला होता, पण तो बदली झालेल्या दुसऱ्या प्रेमराजचा निघाला. माझ्या गळ्यातून काढून त्याला घातला.) त्यामुळे ती शाल मला अगदी मनापासून हवी होती.

आता फिशटँककडे येतो. हॉलमध्ये मी मोठ्या हौसेने टाकी ठेवली होती. आत प्लास्टिकची नाही, खरी झाडं. झाडं मात्र वाढायचं नाव घेईनात. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला, तेव्हा कळलं की पाण्यातल्या झाडांना कार्बन डायऑक्साइड लागतो. त्याच्या सिलिंडरची किंमत ऐकून मी मासेवाल्याच्या दुकानातल्या स्टुलावरच बसलो. पण व्हिडिओवाला म्हणाला, सिलिंडर कशाला, कोल्ड्रिंकच्या बाटलीत साखर, पाणी, बेकरीतलं यीस्ट टाका, झाकणाला सलाइनची नळी लावून ती टाकीत सोडा, फुकट गॅस. एवढ्यात जाहिरात लागली, आणि मी व्हिडिओ बंद करून कामाला लागलो.

साखरेवरून मला केळी आठवली. गोडच ना ती. टोपलीतली काळी केळी सालासकट कुस्करली, वरून गूळ, पाणी आणि यीस्ट टाकलं, नळी टाकीत सोडली आणि बाटली टाकीखालच्या कपाटात लपवली. दिपमालाला सांगितलं नाही, कारण ती 'केळ्यांचं काय केलं?' असं विचारते आणि पुरावा मागते.

आठवडाभरात झाडं अशी फोफावली की पाहत राहावं. पानापानावर बुडबुडे. मासे मात्र मरायला लागले.

रोज सकाळी पाहावं तर एखादा गप्पी पोट वर करून तरंगतोय, बाकीचे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासतायत. गेलेल्यांना मी कढीपत्त्याच्या कुंडीत पुरत होतो. (कढीपत्ता तरारला. पण दिपमालाने फोडणीत तो घालणं सोडलं.) मरणाची चौकशी मी सरकारी पद्धतीने केली, म्हणजे स्वतःला सोडून सगळ्यांवर संशय घेतला. पाणी बदललं. दिपमालाची अगरबत्ती बंद केली. कूलरचं तोंड फिरवलं, आणि एप्रिलमधल्या धुळ्याच्या उन्हात आम्ही दोघं घामाने निथळत माशांकडे पाहत बसलो. समोरच्या सुंदरबाई अक्कांची नजर लागते म्हणून टाकीला लिंबू बांधलं.

मासेवाल्या चुडामणने विचारलं, "भाऊ, पाण्यात काही टाकता का?"

"काहीच नाही," मी म्हणालो. बाटलीचं सांगितलं असतं तर त्याने तो सिलिंडर माझ्या गळ्यात मारला असता.

"मग मरतात कसे?"

"तेच तर तुला विचारतोय. मासे तुझे आहेत."

शेवटी मी विचार केला की झाडं पाणी शुद्ध करतात, म्हणजे झाडांना आणखी गॅस दिला की मासे जगतील. टोपलीतली उरलीसुरली केळीही बाटलीत गेली.

दोनच दिवसांत सुंदरबाई अक्का दारात. नाकाला पदर, आणि सगळ्या गल्लीत वास येतोय अशी अहिराणीत तक्रार.

"हाऊ कसाना वास शे भाऊ? बठ्ठी गल्लीमा ई ऱ्हायना."

"गटार असेल, अक्का."

"गटारना वास माले माहीत शे," असं म्हणून त्या माझ्याकडे फार वेळ पाहत राहिल्या.

आणि त्याच दुपारी सत्काराचं रीतसर आमंत्रण द्यायला नाना आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ. टाकीजवळच्या खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, आणि नाक वर केलं.

"वास कायचा येऊन राह्यला, जावाईबापू?"

"झाडांचा, नाना. पाण्यातल्या."

नानांनी टाकीत पाहिलं. एक गप्पी तिरका तिरका पोहत काचेवर आपटत होता.

"अन् हा असा कायले चालून राह्यला?"

"त्याचा स्वभावच तसा आहे."

तेवढ्यात कपाटातून गुडगुड असा आवाज आला. नानांनी वाकून दार उघडलं. फुगून टम्म झालेली बाटली, वर फेस, झाकणाला केळ्याने तुंबलेली नळी, बाजूला गुळाचा खडा. वाकल्या वाकल्याच नानांनी विचारलं.

"घरीच भट्टी लावली?"

"नाना, हे माशांसाठी आहे."

"मासे पेतात?"

"मासे नाही, झाडं."

"झाडं पेतात?"

म्हटलं बोलण्यापेक्षा दाखवावं, आणि बाटली त्यांच्यासमोर धरून मी झाकण फिरवलं. पुढचं मला नीट दिसलं नाही, कारण डोळ्यांत केळं गेलं. दिसायला लागलं तेव्हा नानांच्या टोपीपासून धोतरापर्यंत आंबलेला फेस ओघळत होता. छतावरून एक साल सावकाश सुटली आणि त्यांच्या खांद्यावर येऊन बसली. दारात सुंदरबाई अक्का होत्या. त्या कधी आल्या ते कळलं नाही, पण अगदी वेळेवर आल्या होत्या.

"आखाजीचं मी मंडयाले इचारून सांगतो," एवढंच बोलून नाना आंघोळीला गेले. (नानांच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो. मंडय म्हणजे भजनी मंडळ.)

माझी शाल गेली. खरं सांगतो, मला रडू आलं. शालीपेक्षाही, हा माणूस आता सावद्यात कोणाला माझं नाव सांगणार नाही, याचं जास्त.

नाना बाहेर आल्यावर मी पुरावा म्हणून तो व्हिडिओ लावला. दिपमाला कमरेवर हात ठेवून उभी. साखर झाली, यीस्ट झालं, नळी झाली. "बघा," मी म्हणालो, "सगळं शास्त्रीय आहे." जाहिरात आली आणि गेली. व्हिडिओ पुढे चालू लागला.

"आता सगळ्यात महत्त्वाचं," व्हिडिओवाला म्हणाला. "लाइट बंद केली की रात्री नळी पाण्यातून काढून ठेवायची. अंधारात झाडं हा गॅस घेत नाहीत. काढली नाही तर सकाळपर्यंत मासे गुदमरतील."

दिपमालाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतल्या कढीपत्त्याकडे.

"म्हणजे माझी अगरबत्ती उगीच बंद," ती म्हणाली.

नानांचं मात्र व्हिडिओने समाधान झालं नव्हतं. बाटलीच्या तळाशी राहिलेलं त्यांनी जवळ घेऊन हुंगलं.

"केयी कोनती?"

"आपलीच, नाना."

"सालासकट?"

"सालासकट."

"गूय किती टाकला?"

"हाताला येईल तेवढा."

"अन् झाकन?"

"अधूनमधून उघडून ढवळत होतो."

नानांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनी बाटली खाली ठेवली आणि लेकीकडे वळले.

"दिपे, हा मानूस पेत नाही. पेनाऱ्याच्या हातची इतकी वंगाय होतच नाही."

"तुम्हाला काय माहीत, नाना?" दिपमालाने विचारलं.

नाना गळ्यातली माळ सारखी करू लागले. "माय घालाच्या आंधीचं थोडं ध्यानात हाये," ते म्हणाले, आणि केवढं ऊन पडलंय त्यावर बोलू लागले.

सत्कार झाला. सावद्यात, मांडवात, माइकवर. नाना म्हणाले, "मी पेत नाही असं कोनीही म्हनन. पन पुरावा काय? आमच्या जावायाचा पुरावा म्या सोता नाकानं घेतला." आणि मग त्यांनी केळ्याच्या सालीपासून झाकणापर्यंत सगळं सांगितलं. पुढच्या रांगेतली म्हातारी मंडळी ऐकताना हळहळून माना हलवत होती. शाल घालायला आलेल्या मंडळातल्या बाबांनी माझ्या पाठीवर हात फिरवला, आजारी माणसाच्या फिरवतात तसा.

आता रात्री मी नळी काढून ठेवतो. उरलेले मासे मजेत आहेत. आणि सत्कारानंतर आम्ही सावद्याहून निघालो तेव्हा नानांनी नेहमीप्रमाणे गाडीत केळी ठेवली, पण सगळी हिरवीगार. मग लेकीला बाजूला घेतलं. हळूच बोलत होते, पण मला ऐकू आलं.

"पिकाच्या आंधी संपवा, माय. अन् पिकलंच तर फेकून दे. जावाईबापूच्या हाती देऊ नको."