कोण नाही आलं?

दिवाकरकाका फोन उचलल्यावर ‘हॅलो’ म्हणत नसत. ‘कोण नाही आलं?’ असं विचारत. पलीकडे बँडचा माणूस असला तर तो सांगे, फिडलवाला आजारी आहे, किंवा बँजोवाल्याच्या मुलीचं लग्न आहे. काका ते वाद्य उचलून निघत. पलीकडे काही विकणारा असला तर तो गोंधळून फोन ठेवून देई.

२००३ मध्ये मी मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावात राहायला आलो, तेव्हा ते माझे शेजारी होते. मूळचे नागपूरचे, इंजिनिअर, नुकतेच रिटायर झालेले, एकटे. लग्न केलं नव्हतं. पेटी लहानपणी शिकले होते. बाकीची वाद्यं इथल्या कारखान्यातल्या सहकाऱ्यांकडून, जेवणाच्या सुट्टीत. तिथल्या खेड्यापाड्यांत जत्रा आणि लग्नं करणाऱ्या एका कंट्री बँडचे ते राखीव गडी होते. फिडल म्हणजे व्हायोलिन, बँजो, मँडोलिन, स्टील गिटार, ज्याची जागा रिकामी असेल ते वाजवत. थंडीत लाकूड तडकतं, म्हणून वाद्यांना व्हॅनमध्ये हीटरजवळची पुढची सीट, बेल्टसकट. माणसांनी मागं बसायचं. मी पुष्कळदा मागं बसलो आहे.

त्यांना स्वस्थ बसवत नसे. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, ताट हातात घेऊन फिरत. नाइलाजानं बसलेच तर उजवा पाय ताल धरून असे. तो फोनवरसुद्धा ऐकू येई. एका गणपतीत मंडळाचा पेटीवाला आला नाही, तर हे बँजो घेऊन उभे राहिले. आरती इतकी पळाली की म्हणणारे एक कडवं मागं राहिले आणि प्रसाद लवकर मिळाला. मुलांनी पुढच्या वर्षीही बँजोच मागितला.

२००७ च्या थंडीत बँडचा स्टील गिटारवाला टेक्ससला कायमचा निघून गेला. ही गिटार आडवी ठेवून, स्टुलावर बसून वाजवायची असते. बँडचा प्रमुख डेल हा गाईगुरं सांभाळणारा शेतकरी. त्यानं ती जागा काकांना कायमची देऊ केली. इतकी वर्षं बदलीवर काढलेला माणूस लगेच हो म्हणेल असं मला वाटलं होतं. काका मात्र आठवडाभर पार्किंगमध्ये फेऱ्या मारत राहिले.

अडचण काय, मी विचारलं.

“बसावं लागते ना.”

“काका, खरं सांगा.”

ते थांबले नाहीत. मीच त्यांच्याबरोबर चालू लागलो.

“बदलीवर गेलं की लोकं खूश होतात. चला, कोणीतरी आलं म्हणून. आता कायमचा झालो, अन् एखाद दिवशी नाही गेलो, अन् कोणाला समजलंच नाही तर?”

शेवटी त्यांनी होकार कळवला. पहिला कार्यक्रम एका छोट्या गावाच्या हॉलमध्ये, शनिवारी दुपारी होता. मी दुसऱ्या गावाहून परस्पर पोचलो. काका निघाले आणि बर्फ सुरू झालं. पुढचा रस्ता बंद झाल्यानं ते अर्ध्या वाटेत एका पेट्रोल पंपावर अडकले. जवळपासचं कोणी बदली बघून घे, असं त्यांनी डेलला कळवलं. डेलनं कोणाला बोलावलं नाही. स्टूल स्टेजवर तसंच ठेवलं.

काकांना निदान ऐकवावं म्हणून मी तिसऱ्या गाण्याला त्यांना फोन लावला. “कोण नाही आलं?” त्यांनी सवयीनं विचारलं. मी उत्तर न देता फोन स्टेजकडे धरला.

स्टील गिटारची पाळी आली तेव्हा डेल माइकपासून बाजूला झाला. फिडलवाल्यानं गज खाली घेतला. फक्त ड्रम आणि बेस चालू राहिले, पूर्ण पाळीभर. हॉलमधले लोक रिकाम्या स्टुलाकडे पाहत होते. मग डेल पुन्हा गाऊ लागला आणि मी फोन कानाला लावला.

“मधात कोणी वाजवूनच नाही राहिलं,” काका म्हणाले. “फिडलवाला तर तिथंच आहे. मग कोण नाही आलं?”

“तुम्ही, काका.”

पलीकडून पंपावरचा वारा ऐकू येत होता. पाय वाजत नव्हता.