मास्तरांच्या सुळ्याचा रंग

दातांच्या डॉक्टरांनी गिटार बाहेर काढली ती फक्त बघायला. मेहुण्याची ही इलेक्ट्रिक गिटार सहा महिने त्यांच्या कपाटामागे काळ्या पेटीत निमूट उभी होती. बदलीच्या गावी जागा लहान, म्हणून मेहुणा ती बहिणीकडे ठेवून गेला होता. येत्या रविवारी तो ती न्यायला येणार होता आणि त्याच संध्याकाळी जुन्या मित्रांबरोबर वाजवणार होता.

"सहा महिने पाहुणी घरात आहे, एकदा तोंड तरी बघू," असं स्वतःशीच म्हणत डॉक्टरांनी गुरुवारी दुपारी पेटी उघडली. गिटार गळ्यात अडकवली. आपण कसे दिसतो ते आरशात बघायला गर्रकन वळले आणि गिटार कपाटाच्या मुठीवर खाडकन आपटली.

"काय पडलं?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

"काही नाही."

"काही नाहीचा आवाज एवढा मोठा?"

ती हात पुसत आली आणि मटकन खुर्चीत बसली. गिटारच्या कडेचा नखाएवढा टवका उडाला होता.

"अहो, माझ्या लग्नात दादाचे डोळे कोरडे ठणठणीत होते. ही गिटार ठेवून जाताना मात्र जिन्यात तीनदा थांबून डोळे पुसले त्याने. त्याला हे कळलं, तर माझं माहेर संपलं म्हणून समजा!"

"अगं, तीस वर्षं लोकांच्या तोंडातले खड्डे बुजवतोय मी. हा तर एवढासा आहे."

दवाखाना खालच्याच मजल्यावर. डॉक्टरांनी गिटार पेशंटच्या खुर्चीवर आडवी केली, तिच्या मानेखाली उशी सरकवली, वरचा दिवा लावला आणि सवयीने म्हणाले, "दुखलं तर हात वर करा." मग दाताच्या रंगाचं सिमेंट खड्ड्यात भरलं, निळ्या दिव्याने कडक केलं, घासून गुळगुळीत केलं. काम नामी झालं. इतकं नामी, की तेवढा तुकडा मोत्यासारखा चमकू लागला आणि त्याच्याशेजारी सगळी गिटार पिवळीजर्द दिसू लागली. मुळातला पांढरा रंग वर्षानुवर्षं पिवळा पडत गेलेला होता, हे तोवर कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

आता तीस वर्षांची सवय. पिवळं दिसलं की डॉक्टरांचा हात आपोआप शिवशिवतो. 'कडेकडेने जरासं साफ करू,' म्हणून त्यांनी दातांवरची कीटणं काढायचं हत्यार चालवलं. जरासं म्हणता म्हणता वीतभर झालं. आणि पिवळ्याचा एक पोपडा निघाला तो खालचं निळं उघडं करून.

शुक्रवारी बायको जाब विचारायला खाली उतरली तेव्हा निम्मी गिटार निळी होती.

"हे काय करून ठेवलंत?"

"निळं आहे."

"ते मलाही दिसतंय. पण निळं कसं? दादा तर सगळ्यांना सांगत असतो, पहिल्या पगारात कोरी करकरीत घेतली म्हणून."

डॉक्टर हत्यार खाली ठेवणार, तेवढ्यात बायको पदर खोचून पुढे झाली. "या कोपऱ्यात जरा खरवडा बघू. निळ्याखालीही काहीतरी आहे."

खाली लाल निघालं. लालाखाली हिरवं. मग मात्र दोघांना धीर निघेना. तारा काढल्या, बटणं काढली. एकेक स्क्रू 'वरचा डावा, खालचा उजवा' अशा चिठ्ठ्या लावून दातांच्या ट्रेमध्ये मांडला. डॉक्टर खरवडत होते, बायको पॉलिश पेपर मारत होती. दाराबाहेर बसलेल्या पेशंटांनी तो आवाज ऐकला आणि तिघांची दाढदुखी औषधाशिवाय बरी झाली. ते उठून घरीच गेले. संध्याकाळपर्यंत पार लाकूड लागलं, तेव्हा कुठे दोघं भानावर आली. बायकोने ते उघडंवाघडं लाकूड बघितलं आणि तिला भाऊ आठवला.

"आता हिला पुन्हा पिवळं करा," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

"आयुष्यभर पिवळ्याचं पांढरं करत आलो, आता उलटं कसं जमायचं?"

"ते मला माहीत नाही. रविवारच्या आत!"

शनिवारी सकाळी कोपऱ्यावरच्या गॅरेजातून पिचकारीला बोलावलं. हा गाड्यांना फवाऱ्याने रंग मारायचा, म्हणून सगळे त्याला पिचकारी म्हणत. फवारा, दोन कोट आणि वर गरम दिवा, की दुपारपर्यंत खडखडीत वाळवून देतो, असं त्याने छातीला हात लावून सांगितलं. फक्त एक अडचण होती.

"कुठला पिवळा?"

फोनवरचे जुने फोटो काढले. एकात गिटार लोण्यासारखी, एकात गुलाबट, एकात कावीळ झाल्यासारखी. खरवडलेली भुकटी बघितली, तर ती सगळे रंग मिसळून राखेसारखी. पिचकारी म्हणाला, "साहेब, नमुना पाहिजे. अंदाजाने मारला तर शाळेची बस होईल."

डॉक्टरांनी डोळे मिटले. त्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, दात मात्र कधी विसरत नसत. एकदम ओरडले, "शिंपीमास्तर! वरचा डावा सुळा! तोच रंग, तीच चमक!" आणि धावत जाऊन त्या जुन्या पेशंटला फोन लावला. "मास्तर, लगेच या. आणि हे बघा, दात घासू नका."

"चूळ भरली तर चालेल?" मास्तरांनी घाबरून विचारलं.

"अजिबात नाही!"

मास्तर आले. त्यांना खुर्चीत बसवलं, दिवा तोंडावर सोडला. समोर खुंटीला गिटार टांगली. पिचकारी हातात डबा घेऊन एकदा मास्तरांच्या तोंडाकडे, एकदा डब्याकडे बघत रंग ढवळू लागला.

"मास्तर, हसा."

"कशाला हसू? काय झालंय?"

"नंतर सांगतो. रुंद हसा. ओठ वर. हां! मास्तर, हे चहाने की विडीने?"

"दोन्हीने."

"मग तपकिरी दोन थेंब अजून."

दीड तास मास्तर हसत होते. गाल दुखले, पण उठवेना. आपल्या दातांवरून जगात काय होतंय, ते बघायची त्यांनाही उत्सुकता लागली होती. शेवटी पिचकारीने दोन कोट फवारून गिटार दिव्याखाली वाळवली, डॉक्टरांनी सुळ्याशेजारी गिटार धरून पाहिली, आणि बायको पुटपुटली, "बाई गं! सुळा कुठला आणि गिटार कुठली, कळत नाही."

रात्री चिठ्ठ्या वाचत स्क्रू, बटणं, तारा जागच्या जागी बसवल्या आणि रविवारी दादा आला. चपला काढायच्या आधी पेटी उघडली. गिटार उजेडात धरली, कडेवरून अंगठा फिरवला, पाठ बघितली. बहिणीचा श्वास अडकला होता.

"जशीच्या तशी!" दादाने डोळे पुसले. "एवढासाही फरक नाही. भाऊजी, जिवापाड सांभाळलीत."

बहिणीने श्वास सोडला. सगळं निभावलं होतं. पण डॉक्टरांचं तोंड उतरलं. आयुष्यातलं सर्वांत अवघड काम, आणि त्याचं कौतुक ज्याने करायचं त्यालाच ते दिसू नये?

"नीट बघितलीत ना?" ते म्हणाले. "या कडेला?"

बायकोने त्यांचा पाय तुडवला.

"कडेला काय?"

"काही वेगळं वाटत नाही?"

"नाही."

"टवका उडाला होता इथे!" डॉक्टरांना राहवेना. "सगळा रंग काढला मी. खाली निळं होतं, त्याखाली लाल, त्याखाली हिरवं. चार जणांच्या हातून गेलेली आहे तुमची गिटार. हा रंग कालचा आहे, कालचा!"

दादाने पुन्हा गिटारकडे पाहिलं, मग भाऊजींकडे. त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"चार जणांच्या? कोरी घेतली मी ही, कोरी! पंचवीस वर्षं वाजवतोय, माझा रंग मला ओळखता येत नाही? सांभाळली म्हणून उपकार मानले, तर तुम्ही माझी वस्तू जुनी ठरवता?"

"दादा, अरे, यांना थट्टेची सवय आहे..."

"ही थट्टा? या घरात पुन्हा वस्तू ठेवणार नाही मी. आणि पाऊलही!"

पेटीचे खटके फटाफट लागले, जिन्यावर पावलं वाजली, खालचं दार आपटलं.

बायको कपाळाला हात लावून बसली. "काय मिळवलंत हो तुम्ही? काय मिळवलंत?"

डॉक्टर खिडकीतून रस्त्याकडे बघत होते. पेटी छातीशी धरून तरातरा जाणारा मेहुणा वळणावर दिसेनासा झाला, तसे ते बायकोकडे वळले. चेहरा आनंदाने फुलला होता.

"अगं, भर उजेडात बघितलं," ते म्हणाले, "आणि तरी ओळखलं नाही!"