थर्मासवाली बाई

दुपारी बारा वाजता लिफ्टकाकांनी माळ्यावरची जुनी सूटकेस खाली काढली, तिच्यात दोन उश्या कोंबल्या आणि काकूंना म्हणाले, "चला, उशीर होतोय." कसला उशीर, हे काकूंनी विचारलं नाही. दर वर्षी याच तारखेला हा कार्यक्रम ठरलेला असे. बसस्टँडवर जायचं, ज्या फलाटावर या देशात पहिलं पाऊल टाकलं त्या फलाटावर पाच मिनिटं उभं राहायचं आणि मग सूटकेस उचलून, पायी, आपल्या पहिल्यावहिल्या खोलीपर्यंत जायचं. रिकामी सूटकेस नेणं काकांच्या मनाला पटत नसे, म्हणून उश्या.

लिफ्टकाका तेहतीस वर्षं या शहरातल्या लिफ्ट दुरुस्त करत आले होते. अर्धं शहर त्यांच्या भरवशावर वर गेलं होतं आणि सुखरूप खाली आलं होतं. या देशाबद्दल कुणी वावगा शब्द काढलेला त्यांना खपत नसे. बस चुकली तर चूक आपली, बस उशिरा आली तर ड्रायव्हरची काही अडचण असेल, अशी त्यांची सरळ वाटणी होती. या देशानं काम दिलं, मुलीला शिकवलं, काकूंच्या हृदयाचं दुखणं बरं केलं, आणि हे सगळं ते भेटेल त्याला सांगत. लिफ्ट अडकली की आतल्या माणसाला ऐकण्यावाचून गत्यंतरही नसे.

पण आजचा दिवस नुसता फिरून येण्याचा नव्हता. चार वाजता नगरभवनात सभा होती. विषय होता 'माझा पहिला दिवस', आणि बोलणार होते लिफ्टकाका. लेकीनं परस्पर नाव देऊन टाकलं होतं. भाषण चार पानी होतं आणि त्यातली अडीच पानं थर्मासवाल्या बाईची होती.

ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. काका-काकू बसमधून उतरले, खांद्यावर दोन वर्षांची लेक झोपलेली, आणि समोरून एक बाई थर्मास घेऊन आली. वाफाळता चहा दिला, बॅग उचलली, हाताला धरून घरापर्यंत पोचवलं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं अशी गोष्ट होती. तिच्यात उणं एवढंच, की ती घडलेली नव्हती, आणि हे काकांखेरीज जगात फक्त काकूंना माहीत होतं.

"आज तरी त्या बाईला वगळा," वाटेत काकू म्हणाल्या.

"वगळली तर उरतं काय?"

उरत होतं ते काकूंना चांगलं आठवत होतं. बोचरा वारा, बंद पडलेलं घड्याळ, आणि तीन तास. न्यायला यायचा माणूस आलाच नाही. शेवटी चिठ्ठीवरचा पत्ता विचारत विचारत दोघं त्या तळघरातल्या खोलीवर पोचले. तिची खिडकी फुटपाथच्या पातळीला होती, त्यामुळे पहिले सहा महिने या देशातली माणसं त्यांना बुटांवरूनच ओळखीची झाली. काकूंना त्या खोलीची अजून आठवण येई, अगदी गळणाऱ्या नळासकट.

"हे लोकांसमोर खोटं बोलणं मला झेपायचं नाही," काकू म्हणाल्या. "तुम्ही बोला खुशाल. मी बाहेर थांबते."

काकांनी सूटकेस या हातातून त्या हातात घेतली. काकू समोर नसल्या तर त्यांच्या तोंडून दुकानदाराशीही धड शब्द फुटत नसे. इथं तर दोनशे माणसं असणार होती. आणि बाई गाळावी तर भाषणाचा कणाच मोडत होता.

अशा पेचात दोघं एक वाजता फलाटावर जाऊन उभे राहिले. एक बस आली, रिकामी झाली, निघून गेली. काकांनी सवयीप्रमाणे डोळे मिटून देशाचे आभार मानले. डोळे उघडले तर समोरून एक बाई येत होती आणि तिच्या हातात थर्मास होता.

तीस वर्षं आपण जिची गोष्ट माणसांना सांगत आलो ती चालत आली की काय, असं काकांना वाटलं. बाई जवळ आली, तोंडभर हसली आणि एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं म्हणाली, "घाबरू नका. मी. तुम्हाला. न्यायला. आले आहे."

बाई नगरभवनातल्या स्वागत समितीची होती. परदेशातून आलेल्या एका जोडप्याला उतरवून घ्यायला ती आली होती, आणि फलाटावर जुनी सूटकेस घेऊन बावरलेलं असं एकच जोडपं तिला दिसलं. तिनं भराभर दोघांच्या खांद्यांवर शाली टाकल्या, हातात चहाचे पेले दिले.

"अहो, सांगा ना तिला," काकू कुजबुजल्या.

"सांगतो. चहा तर संपू दे."

चहा संपला तेव्हा बाई म्हणाली, "या कामावरचा माझा आजचा पहिलाच दिवस. सकाळपासून छाती धडधडतेय. काही चुकत असेल तर सांगा हं." काय चुकतंय हे सांगायचं तर सगळंच चुकत होतं. इतक्या आनंदी चेहऱ्यावर पाणी ओतायला काकांची जीभ रेटेना. तिनं विचारलं, "कधी पोचलात?" काका म्हणाले, "आजच्याच तारखेला." हे तर खरंच होतं. "किती छान बोलता हो आमची भाषा," बाई म्हणाली. इतकी वर्षं लेकीकडून उच्चारांवर बोलणी खाल्लेले काका त्यावर चक्क लाजले, आणि तिथंच परतीचा रस्ता बंद झाला.

मग बाईनं त्यांना हाताला धरून रस्ता ओलांडायला शिकवलं. नगरभवनात पोचल्यावर ती लिफ्टपाशी थांबली आणि समजावून सांगू लागली की ही एक पेटी असते, बटण दाबलं की वर जाते, अजिबात भ्यायचं नाही. ती लिफ्ट काकांनी स्वतःच्या हातांनी बसवली होती. दोन मजले गेल्यावर दार घासल्याचा आवाज आला आणि काकांच्या कपाळावर आठी पडली. ती भीतीची आहे असं समजून बाईनं त्यांचा हात थोपटला. काकूंनी शाल तोंडावर घेतली. त्यांचे खांदे हलत होते.

वरच्या खोलीत आणखी दहा-बारा नवीन आलेली माणसं बसली होती. सगळ्यांना सूप मिळालं, गळ्यात अडकवायला 'नवीन पाहुणे' असं लिहिलेली कार्डं मिळाली. नळ कसा सोडायचा, कचरा कोणत्या वारी ठेवायचा, हे सगळं बाईनं करून दाखवलं. काका मन लावून ऐकत होते. मध्येच त्यांनी काकूंकडे पाहिलं तर काकू डोळे पुसत होत्या.

"काय झालं?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. "कुणीतरी न्यायला आलं हो."

काकांनी सूपचा चमचा खाली ठेवला.

पावणेचारला बाईनं टाळी वाजवली. "आता खाली, पहिल्या मजल्यावर सभा आहे. तिथं एक गृहस्थ बोलणार आहेत. तुमच्यासारखेच, रिकाम्या हातानं आलेले. त्यांचं ऐका, खूप धीर येईल." म्हणजे लिफ्टकाकांचं भाषण ऐकायला लिफ्टकाकांनाच रांगेनं नेण्यात आलं. नवीन पाहुण्यांची रांग मागे होती. पुढे बसलेल्या लेकीनं वळून पाहिलं. आईबाप शाली पांघरून, गळ्यात कार्ड घालून बसलेले पाहून ती अर्धवट उठली. काकूंनी तिला हातानंच खाली बसवलं.

वक्त्याचा पुकारा झाला. काका उठले तशी बाईनं त्यांची शाल धरून ओढली. "बसा, बसा. आपण फक्त ऐकायचं."

"मलाच बोलवतायत," काका हळूच म्हणाले आणि व्यासपीठाकडे निघाले. बाई तोंड उघडं टाकून पाहत राहिली. काकू मात्र बाहेर गेल्या नाहीत.

काकांनी खिशातले चार कागद काढले, पाहिले आणि परत खिशात ठेवले. "त्या दिवशी आम्हाला न्यायला कुणीही आलं नव्हतं," ते म्हणाले. "तीन तास उभे होतो. पुढे मुलगी पाच वर्षांची झाली आणि विचारायला लागली, बाबा, आपण आलो तेव्हा इथल्या लोकांना आवडलं होतं का? काय सांगणार? म्हणून मी एक थर्मासवाली बाई तयार केली. या देशानं मला सगळं दिलं हो. एक पहिला दिवस तेवढा द्यायचा राहिला होता. तो मी पदरचा घातला." काकांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. "आणि आज दुपारी एक वाजता ती बाई खरोखरच आली. मला वाटलं, चला, माझी राहिलेली वस्तू मिळाली. म्हणून बोललो नाही. बाई, माफ करा, आम्ही तुमचे पाहुणे नव्हे."

तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला. "तुम्ही माझे पाहुणे नव्हे," ती म्हणाली, "मग माझे पाहुणे कुठे आहेत?"

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. सव्वाचार झाले होते.

आयुष्यात पहिल्यांदाच लिफ्टकाका लिफ्टची वाट न पाहता जिन्यानं धावत उतरले. मागोमाग काकू, बाई आणि गाडीच्या किल्ल्या शोधत लेक. गाडी रस्त्याला लागली. मग लेक म्हणाली, "म्हणजे ती बाई नव्हतीच?"

"नव्हती."

"मी शाळेत निबंध लिहिला होता तिच्यावर."

"सुंदर लिहिला होतास," काका म्हणाले.

फलाटावर वारा सुटला होता. एका खांबाच्या आडोशाला एक जोडपं उभं होतं, पायाशी दोन बॅगा, बायकोच्या हातात जड पिशवी. त्यांची बस एक वाजता यायची ती वीस मिनिटं उशिरा आली होती. स्वागत समितीच्या बाईला पुढे व्हायचा धीर होईना. ती तिथंच उभी राहून रडायला लागली. काकांनी तिच्या हातातला थर्मास घेतला, पेला भरला आणि त्या गृहस्थापुढे धरला.

"फार वेळ थांबावं लागलं ना?" त्यांनी विचारलं.

गृहस्थानं पेला दोन्ही हातांत घेतला. त्याची बोटं गारठून निळी पडली होती. मोडक्यातोडक्या भाषेत, घाईघाईनं तो म्हणाला, "नाही, नाही. आत्ताच आलो. पाच मिनिटं झाली."

त्याच्या बायकोनं मान दुसरीकडे वळवली. काकूंनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला धरून गाडीकडे नेलं.