कोंडधारेची सहल

श्रावणातल्या एका रविवारी कोंडधार नावाचा धबधबा कड्यावरून खाली उतरला आणि सहलीच्या बसमध्ये येऊन बसला. धबधबा म्हटलं तरी गावात तिला बाईमाणूसच समजतात, म्हणून पुढे तसंच सांगतो.

त्या दिवशी पाऊस उघडला होता. बस नेहमीप्रमाणे काकडवाडीच्या वळणावर थांबली. सहलीची गाईड इंदू गभाले त्याच गावची सून. तिने माइक हातात घेऊन दर रविवारचं वाक्य म्हटलं, "ही कोंडधार. इथे दहाच मिनिटं. फोटो काढून घ्या, खरा धबधबा पुढे आहे."

लोक फोटो काढून वळले, तर बसच्या दाराशी कोंडधार उभी.

"तो पुढचा खरा धबधबा मला बघायचाय," ती म्हणाली.

ड्रायव्हर रफिकभाईंनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. वरपर्यंत पाहायला त्यांना खिडकीतून मान बाहेर काढावी लागली.

"उभ्याने कुणाला नेत नाही आपण. बसणार असाल तर या."

कोंडधारेने नऊवारीसारखी स्वतःची घडी घातली आणि ती मागच्या बाकावर खिडकीशी बसली. शेजारी नाशिकच्या वृंदा नागपुरे होत्या. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि रेनकोट चढवला.

"पुढची तुमच्या नात्यातली का?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"जाऊ. पाणी एकाच पठाराचं. वाटण्या झाल्या तेव्हा उंच कडा तिला गेला."

"आमच्या जावेला गच्ची गेली," वृंदाबाई म्हणाल्या.

त्यानंतर दोघी वाटेतल्या देवळापर्यंत बोलत राहिल्या. देवळाचे खांब, त्यावरचे यक्ष, कळसाची दुरुस्ती, इंदूने माइकवरून सगळं सांगितलं. मागच्या बाकापर्यंत काही पोचलं नाही.

देऊळ महादेवाचं, काळ्या दगडाचं. गुरव म्हणाला, "आलीच आहेस तर पिंडीवर घटकाभर धार धर की."

"आज मी बघायला निघालेय," कोंडधार म्हणाली. ती रांगेत उभी राहिली. पाळी आल्यावर तिने घंटा वाजवली. गुरवाने पळीभर तीर्थ दिलं.

"हे कुणाचं पाणी?"

"पुढच्या सोनधारेचं. रोज कळशीने आणतो. गोड आहे."

तीर्थ नाकारता येत नाही, म्हणून तिने ते घेतलं. पण आपल्यात मिसळू दिलं नाही. बसमध्ये परत येईपर्यंत तिने ते वेगळं धरून ठेवलं आणि मग खिडकीबाहेर टाकलं. वृंदाबाईंनी ते पाहिलं आणि खिडकीची काच ओढून घेतली.

सोनधारेपाशी भज्यांच्या टपऱ्या होत्या, लोखंडी कठडा होता, आणि कठड्याला माणसं चिकटली होती. सोनधार वरून सरळ, पांढरी, अगदी एकसंध कोसळत होती. लोक "आहाहा" म्हणत होते. इंदूनेही सवयीने "आहाहा" म्हटलं.

कोंडधार कठड्याच्या अलीकडे उभी राहिली. किती तरी वेळ तिच्यातून थेंबही गळला नाही.

"इंदू, खरं सांग. ती चांगली का मी?"

इंदू ग्राहकांशी गोड बोलते, पण कोंडधार सासरच्या गावची. "ती उंच आहे," तिने सांगून टाकलं.

"माहीत होतं मला," कोंडधार म्हणाली आणि भज्यांच्या टपरीमागे जाऊन बसली.

तेवढ्यात इंदूच्या सासूचा, चहाबाईंचा फोन आला. खरं नाव चाहूबाई, पण चहाशिवाय त्यांचं पान हलत नाही म्हणून चहाबाई. त्या ओरडत होत्या, "आगं, धार कुठं गेली? खाचरं उताणी पडली! वरच्या बांधापासनं खालपर्यंत भाताच्या आवणाला भेगा पडायल्या. सांजच्याला पाणी आलं न्हाई तर वरीसभर खायचं काय?"

इंदू टपरीमागे गेली. "चला घरी. भात सुकतंय."

"कुणाचं?"

"सगळ्यांचं. उताराची सगळी खाचरं तुमच्यावरच आहेत."

कोंडधारेने सोनधारेकडे बोट दाखवलं. "तिच्याखाली काय लावतात?"

इंदूने वाकून पाहिलं. "तिच्याखाली पार्किंग आहे."

कोंडधार उठली आणि सगळ्यांच्या आधी बसमध्ये जाऊन बसली.

दिवस कलताना बस काकडवाडीला पोचली. अख्खा गाव बांधांवर उभा होता. कोंडधार कड्यावर चढली, नीट उलगडली आणि पडू लागली. पाणी पहिल्या खाचरात शिरलं, तिथून दुसऱ्यात, आणि पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलं. चहाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, दोन्ही हातांनी धारेवरून बोटं मोडली आणि मायेने विचारलं, "दमलीस का गं माझी बाय? लई फिरलीस आज."

इंदू मागेच उभी होती. एका खांद्यावर माइकची पेटी, दुसऱ्या खांद्यावर पाण्याच्या बाटल्यांची पिशवी, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. लग्न झाल्यापासून दर रविवारी ती हीच सहल करून येत होती. हा प्रश्न तिने या घरात पहिल्यांदा ऐकला, आणि तोही दुसरीला विचारलेला.

तिने पेटी खाली ठेवली, पिशवीही ठेवली. मग ती कड्याच्या वाटेने वर गेली आणि जिथून पाणी खाली झेपावतं त्या दगडाशी थांबली. कोंडधार थोडी बाजूला सरकली. मोकळ्या झालेल्या जागेत इंदू पाय सोडून बसली.

"इंदे," खालून चहाबाईंची हाक आली, "आली असशील तर चहा टाक!"

कोंडधारेने आवाज वाढवला.