सासऱ्यांच्या सदऱ्यातलं पेक्टिन

आमच्या घरात काही बिघडलं की मी ते दुरुस्त करतो, आणि मग ते कायमचं बिघडतं. हे ठाऊक असूनही मी बायकोला म्हणालो, "मुरंब्याचं माझ्यावर सोड."

रविवारी आमच्या लेकीचं, दुन्याचं, लग्न. वाल्येवोहून विहीणबाई येणार. दारातल्या पाहुण्याच्या हाती आधी चमचाभर मुरंबा आणि पेलाभर पाणी द्यायचं, मग बाकीचं बोलायचं, ही आमची रीत. आणि माझ्या बायकोचा, ल्युबिंकाचा, चेरीचा मुरंबा यंदा पाण्यासारखा झाला होता.

"चमचा तोंडाशी जायच्या आत तो विहिणीच्या ब्लाउजवर सांडेल," ल्युबिंका रडवेली झाली होती. "पोरीला जन्मभर टोमणे बसतील, ग्वोझ्देन!"

मी सफरचंदाच्या रसाच्या कारखान्यात कारकून. रस काढून उरलेला चोथा डुकरांना जातो, हे दुःख मी नोकरीला लागल्यापासून उराशी बाळगून आहे. (डुकरांना त्याचं काही दुःख नाही.) त्या चोथ्यात पेक्टिन असतं. साखरेच्याच कुळातलं, पण गोडी नसलेलं. मुरंबा धरतो, घट्ट होतो, तो त्याच्यामुळे. चोथा लिंबाच्या पाण्यात उकळायचा, गाळायचा आणि त्या पाण्यात कडक दारू ओतायची, की पेक्टिन वेगळं होतं. प्रयोगशाळेतल्या बाईंनी हे एकदा कँटीनमध्ये सांगितलं होतं आणि मी जेवता जेवता अर्धं ऐकलं होतं.

कडक दारू तळघरात होतीच. कोबीच्या पिंपामागे, धुळीने माखलेल्या बाटलीत, तोंडाला लाख लावलेली. कोणाची, कशासाठी, हे विचारत बसायला वेळ कोणाला होता? गाळायला दोरीवरचा एक जुना लिननचा सदरा घेतला.

शुक्रवारी संध्याकाळी नदीवरचं धुकं पार तळघराच्या खिडकीशी आलं होतं. कारखान्यातून आणलेला चोथा उकळून, गाळून झाला होता; त्या पाण्यात मी दारू ओतली. आधी काहीच झालं नाही. मग तळाशी काहीतरी हललं. पांढुरके धागे एकमेकांना चाचपडत वर आले, एकमेकांत गुंतले, आणि त्यांचा एक मऊ, थरथरता गोळा झाला. तो माझ्याकडे बघतोय असं उगीच वाटलं. मी घाईघाईने सदऱ्याच्या बाह्या आणि खालचा घेर बांधला, गोळा गळ्यातून आत ओतला आणि कॉलरला दोरी बांधून सदरा तुळईला टांगला.

थप्. थप्. खाली थेंब पडू लागले. सदऱ्याला हळूहळू पोट सुटलं. वसंतात वारलेल्या माझ्या सासऱ्यांना, त्रिफुनना, अगदी असंच पोट होतं. आणि वास! आलुबुखाराच्या जुन्या दारूचा, राकियाचा, वास. सासरे कानाशी येऊन बोलले की यायचा तोच. दोरीचा पीळ उलगडला आणि सदरा सावकाश वळून माझ्यासमोर उभा राहिला. पेक्टिन-बिक्टिन सगळं विसरून मी छातीवर क्रूसाची खूण केली. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली, तसा मी पिंपामागे दडलो.

सासूबाई कोबी न्यायला आल्या होत्या. त्यांनी सदऱ्याकडे पाहिलं आणि हातातलं भांडं शांतपणे खाली ठेवलं.

"आलास का रे त्रिफुन? नातीच्या लग्नाला येशील, वाटलंच होतं मला."

थप्.

"सदरा न विचारता घेतलास. असू दे, तुझाच आहे. तुझी राकियाही जपलीय हो. दुन्या जन्मली त्या दिवशी लाख लावून ठेवलीस ना, तिच्या लग्नात फोडायला? कोणाला बोट लावू दिलं नाही मी."

म्हणजे मी ओतली ती हीच. मी मागे सरकलो, गुडघा पिंपाशी ठेवलेल्या रिकाम्या बाटलीला लागला, आणि ती गडगडत थेट सासूबाईंच्या पायाशी गेली.

त्यांनी ती उचलली. उलटी केली. मग सदऱ्याचा वास घेतला.

"सगळी संपवलीस? एकट्याने?" त्यांनी बाटली छातीशी धरली. "एवढी तहान लागते होय रे तिकडे?"

मला इतकी लाज वाटली की बाहेर येऊन त्यांचे पाय धरावेत असं झालं. पण सासूबाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, "एक सांग. जावई तुला कायम गाढव वाटायचा. अजून तसंच वाटतं?"

कॉलरची गाठ घसरली. अख्खा सदरा पुढे वाकला.

"मलाही," म्हणून सासूबाई वर गेल्या.

रविवारी त्या गोळ्याने धरलेल्या मुरंब्यात चमचा उभा राहिला! विहीणबाईंनी दोनदा घेतला. "हात कोणाचा?" असं त्यांनी विचारलं, तसा मी छाती पुढे काढली. तेवढ्यात सासूबाई उठल्या आणि लग्नासाठी राखलेली राकिया का नाही ते त्यांनी सगळ्यांना सांगितलं. आपल्या नवऱ्याला तळघरात कसं पाहिलं, काय विचारलं, सगळं. मांडवातल्या बायका रडल्या. पुरुषांनी पेल्यातली थोडी थोडी वाइन त्रिफुनसाठी जमिनीवर सांडली. कोणी रागावलं नाही.

"मुरंबा ल्युबिंकाचा," मी पुटपुटलो.

"आणि जाता जाता त्याने ह्याच्याबद्दलही एक सांगितलं," म्हणत सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि तेही सांगून टाकलं.

विहीणबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "मेलेला माणूस कशाला खोटं बोलेल?" त्या म्हणाल्या.

यावर मला पुष्कळ बोलायचं होतं. पण तोंडात मुरंब्याचा घास होता, आणि तो इतका उत्तम धरला होता की जबडाच उघडेना.