गोळीची पंगत

"दुधात पाणी घालतात हे ऐकलंय, तुम्ही औषधात काय घातलंत?" डॉ. रुद्राणी लातूरच्या औषध चाचणी केंद्राच्या दारातूनच कडाडल्या.

औषध रक्तात किती उतरतं, किती वेळ टिकतं, कधी बाहेर पडतं, हे सांगण्यात त्यांची हयात गेली होती. एका कंपनीने दुखणं थांबवणारी पण सवय न लावणारी गोळी काढली होती आणि सल्ल्यासाठी बाईंना नांदेडहून बोलावलं होतं. बाईंची आई शेवटी शेवटी दुखण्याच्या गोळ्या उशाखाली दाबून ठेवायची आणि पोटच्या पोरांकडेही चोर असल्यासारखी बघायची. म्हणून ही गोळी जगावी असं बाईंना मनापासून वाटत होतं. पण आकडे असे आले होते की संध्याकाळी 'औषध निकामी, बंद करा' एवढंच कळवायचं उरलं होतं. खरी गोळी घेणाऱ्यांच्या रक्तात औषध निम्मंच होतं. तुलनेसाठी दिलेली खोटी, नुसत्या भुकटीची गोळी घेणाऱ्यांच्या रक्तातही ते निघालं होतं!

"मशीन बिघडलं असंल," केंद्र सांभाळणारा भागवत म्हणाला.

"मशीन दोनदा तपासलं. आता तुम्हाला तपासते."

"मॅडम, मी रोज समद्यांची तोंडं उघडून बघतो!"

बाई तरातरा वॉर्डात शिरल्या. गुडघ्यांनी बेजार झालेले आडत दुकानदार चंद्रप्पा आणि पाठीने वाकलेले उदगीरचे टेलर करीमभाई शेजारशेजारच्या खाटांवर गप्पा मारत होते.

"काका, गोळी पूर्ण गिळता ना?"

"पूर्ण कशी गिळणार?" चंद्रप्पांनाच राग आला. "मला आराम पडला अन् हे बाजूला कण्हून राहिले. शेजारी उपाशी असला तर आपण पंगतीत जेवतो का? अर्धी मोडून देतो यांना."

"मी बी फुकट घेत न्हाई मॅडम," करीमभाई म्हणाले. "माझ्यातली अर्धी यांना देतो. समदा वॉर्डच असं करतो."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. भागवत तोंडं तपासत बसला होता, मुठी कुणी उघडूनच पाहिल्या नव्हत्या.

"अहो, हे औषध आहे, प्रसाद नव्हे! सगळी मेहनत मातीत घातलीत!"

"इतकं वरडू नका, डोकं दुखंल." चंद्रप्पांनी काळजीने रुमालाची गाठ सोडली. "घ्या, आजची अर्धी. करीमभाई एक दिवस सोसतील."

"आजचीही? इतकी सहज देऊन टाकता?"

"ही देतो. इथं यायच्या आधीची ती जालीम गोळी असती, तर तिचा चुरा बी कुणाला दिला नसता. बायकोनं डबी लपवली म्हणून भांडी फेकली होती म्या." चंद्रप्पांचा आवाज खाली गेला.

बाई हातातल्या अर्ध्या गोळीकडे बघत राहिल्या. आईने अशी गोळी कुणाला देऊ केली असती का? राग गेला नाही, पण आता तो कंपनीकडे वळला. त्यांनी कंपनीला फोन लावला.

"बंदबिंद काही करायचं नाही! औषध निकामी नाही, ते वाटलं गेलंय. ज्याची चटक लागते, ते औषध माणूस असं वाटत फिरत नाही! हा काही पुरावा नव्हे, मला कळतं. म्हणूनच चाचणी पुन्हा घ्या. आणि या दोघांना वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवा!"

करीमभाईंनी हळूच भागवतला विचारलं, "लिफ्ट चालू हाय ना?"